'बेटर कॉल सॉल' या अमेरिकी मालिकेला एकही एमी (टीव्हीचा मानाचा पुरस्कार) का मिळाला नाही?

नामांकनं 53, पुरस्कार शून्य! पंगतीला बोलावलं, ताटात मात्र काही पडलं नाही. मुख्य कारण वेळ. सर्वोत्तम ड्रामाच्या शर्यतीत 2015, 2016 आणि 2019 ला समोर 'गेम ऑफ थ्रोन्स', तर 2020, 2022, 2023 ला 'सक्सेशन'. मतं देतात ते एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीचे सदस्य, म्हणजे याच धंद्यातली माणसं. प्रेक्षकांची पसंती तिथे मोजलीच जात नाही. त्यात मालिका संथ. नेल सलूनच्या मागच्या खोलीत वकिली करणारा नायक जिमी 'सॉल' हे नवं नाव घेऊन वकिली करायला चार सीझन घेतो (मला तर तेच आवडलं). सर्वात खटकतं ते अभिनेत्री रे सीहॉर्नचं: जिमीची वकील मैत्रीण किम, ही भूमिका 2015 पासून, अभिनयाचं पहिलं नामांकन थेट 2022 ला.