लेव्ही मॉर्टन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले लेव्ही मॉर्टन मूळचे बँकर. ते घरचेच श्रीमंत होते का?

उत्तर : नाही. १८२४ साली व्हरमाँटमधल्या शोरहॅम गावी एका पाद्र्याच्या घरात ते जन्मले. दुकानात नोकरी करत करत न्यूयॉर्कला कापडाचे घाऊक व्यापारी झाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली उधारी बुडाली आणि पेढीचं दिवाळं निघालं. दोनच वर्षांत त्यांनी बँकेची पेढी काढली. जम बसल्यावर जुन्या घेणेकऱ्यांना जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाच्या ताटाखाली बाकीचा चेक व्याजासकट ठेवला, अशी हकिकत सांगतात. मला ती फार आवडते.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षपद त्यांच्या हातून कसं निसटलं?

उत्तर : १८८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गारफील्ड यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना देऊ केली होती. न्यूयॉर्कचे पुढारी रॉस्को कॉंकलिंग यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ती नाकारली. ती चेस्टर आर्थर यांना मिळाली. पुढच्या जुलैत गारफील्डना गोळी लागली, सप्टेंबरात ते वारले आणि उपाध्यक्ष असलेले आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले. मॉर्टन तेव्हा पॅरिसला अमेरिकेचे राजदूत होते. ऑक्टोबरात, तिथं घडत असलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात पहिला रिव्हेट ठोकला, तो त्यांनीच.

प्रश्न : १८८९ मध्ये उपाध्यक्ष झालेच, मग १८९२ ला पक्षानं का वगळलं?

उत्तर : मुख्य कारण लॉज विधेयक. दक्षिणेत काळ्या मतदारांना धाकानं मतदानापासून दूर ठेवलं जात होतं. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारं हे विधेयक होतं. विरोधक सिनेटमध्ये भाषणांवर भाषणं करून ते रोखत होते. उपाध्यक्ष हाच सिनेटचा सभापती, म्हणून खुर्चीवर मॉर्टन. स्वपक्षीयांनी गळ घातली, तुम्ही थोडे दिवस बाजूला व्हा, दुसरा कुणी बसून मार्ग काढेल. ते उठले नाहीत. विधेयक १८९१ मध्ये बारगळलं आणि राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांची नाराजी ओढवली.

सभापतीनं निःपक्ष राहावं, हे मलाही मान्य आहे. पण त्या निःपक्षपणाची किंमत मॉर्टन यांनी फक्त एका उमेदवारीनं मोजली. दक्षिणेतल्या काळ्या मतदारांना केंद्राच्या भक्कम संरक्षणासाठी १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत थांबावं लागलं. हे मला त्यांना माफ करता येत नाही.

प्रश्न : त्यानंतर राजकारण सोडलं का?

उत्तर : लगेच नाही. १८९५-९६ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड वगैरे जोडून आजचं न्यूयॉर्क शहर घडवणाऱ्या कायद्यावर सही त्यांचीच. १६ मे १९२० रोजी, ९६व्या वाढदिवशीच ते वारले.