युरोपला नक्की कुणाला जायचंय?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सोळा वर्षं आठ महिन्यांचा, अकरावीत, जीपीए 3.6, एमएलएस या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ‘एमएलएस नेक्स्ट’ या युवा स्पर्धेतल्या संघात गोलकीपर. एका एजंटाने बार्सिलोनाजवळच्या खासगी अकादमीत वर्षाला 38,000 डॉलर भरून जागा देऊ केली आहे, बारावी ऑनलाइन करायची. बाबा घरावर कर्ज काढायला तयार आहेत, वेळ पडली तर कंपनीकडून स्पेनला बदलीही मागतील. ते लिहितात, ‘दोन वर्षांत मोठ्या क्लबच्या बेंचवर जरी बसला तरी भरपूर शिकेल. नाहीच जमलं तर भारताकडून खेळेल.’ पत्राच्या शेवटी घाईघाईत एक ओळ आहे : सामन्याच्या दिवशी तो सकाळपासून काही खात नाही, दोनदा उलटीही झाली, त्याला कणखर कसं करावं?

तुमची शेवटची ओळ आधी घेऊ, कारण पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. तुम्ही प्रत्येक सामन्यात गोलच्या मागे उभे राहून व्हिडिओ काढता. खाल्लेल्या गोलांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवता. घरी येताना गाडीत एकेक गोल उकरून काढता. हे सगळं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तीन पानी पत्रात मुलाचं स्वतःचं म्हणणं मात्र एकदाच येतं : ‘तो म्हणतो, कॉलेजकडून खेळेन. पण त्याला अजून काय कळतंय!’

त्याला कळतंय. न कळण्याचा प्रश्न तुमच्या बाजूला आहे, हे स्पष्टच सांगायला हवं. स्ट्रायकरने चार संधी घालवून पाचवीला गोल केला की चार कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गोलकीपरची एक चूक थेट स्कोअरबोर्डवर लागते. त्याने 7.32 मीटर रुंदीच्या गोलमध्ये नव्वद मिनिटं एकट्याने उभं राहायचं आणि पाठीमागे चार पावलांवर कॅमेरा घेतलेले वडील! अशा मुलाच्या पोटात अन्न ठरत नसेल तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला कणखर करायची गरज नाही, मोकळं सोडायची आहे.

पुढच्या सामन्यापासून मधल्या रेषेजवळ, समोरच्या टचलाइनला उभे राहा. व्हिडिओ काढू नका, लागेल तेव्हा संघाकडून मिळेल. गाडीत ‘काय खायचंय?’ एवढंच विचारा. गोलचा विषय त्याने काढला तरच बोला. तीन-चार सामन्यांनंतरही उलट्या थांबल्या नाहीत तर आधी त्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि मग क्रीडा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ती एक्सेल पुसून टाका. किती गोल खाल्ले यावरून गोलकीपर कळत नाही. शॉट निघण्याच्या क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते का, क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर येणाऱ्या चेंडूला, पुढे यायचं की थांबायचं हे त्याने किती लवकर ठरवलं, नावडत्या पायाने पहिला टच कसा घेतला, डिफेंडरला हाक वेळेवर दिली का, हे प्रशिक्षक बघतात. यातलं काहीच तुमच्या तक्त्यात नाही.

आता ‘बेंचवर जरी बसला तरी’बद्दल. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. विंगर बेंचवर असेल तर सत्तराव्या मिनिटाला उतरतो, वीस मिनिटं का होईना खेळतो. गोलकीपरची जागा एकच, आणि दुखापत किंवा लाल कार्ड झाल्याशिवाय ती सहसा बदलत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला हंगामात कपचे मोजके सामने मिळतात, तिसऱ्याला बहुधा एकही नाही. सरावात जगातले उत्तम स्ट्रायकर त्याच्यावर शॉट मारतात हे खरं. पण तिथे शॉटमागून शॉट येतात आणि येणार हे त्याला ठाऊक असतं. सामन्यात पंचवीस मिनिटं चेंडूला हातही लागत नाही आणि मग समोर तीन माणसं आडवी असताना एकच क्रॉस येतो. तो अंदाज सामने खेळूनच येतो, सरावात तयार होत नाही.

झॅक स्टेफन बघा. पेनसिल्व्हेनियाचा मुलगा, मेरीलँड विद्यापीठात दोन हंगाम खेळून 2015च्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्गला गेला. तिथे राखीव संघातच राहिला आणि 2016मध्ये परतला. पिट्सबर्गला लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, गेला, मग कोलंबस क्रूचा पहिला गोलकीपर झाला आणि 2018मध्ये एमएलएसचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं ते तेव्हा, म्हणजे घरी येऊन सामने खेळल्यावर. 2019-20मध्ये लोनवर ड्युसेलडॉर्फकडून बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगचे, 17 सामने खेळला, मग गुडघा दुखावला. त्यानंतर दोन वर्षं सिटीत पहिला गोलकीपर एडरसनच्या मागे. 2021च्या लीग कपची फायनल तो खेळला आणि जिंकला. पुढच्या वर्षी, 16 एप्रिल 2022ला, वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्ध एफए कपची सेमीफायनल होती. स्टोन्सने बॅकपास दिला, स्टेफनने टच घेतला आणि चेंडू मारायला क्षणभर उशीर केला. तेवढ्यात साडिओ माने घसरत आला आणि चेंडू गोलमध्ये. सिटी 3-2ने हरली. स्टेफनच्या हातांत काही कमी नव्हतं. अंगावर धावून येणारा माणूस किती वेगाने अंतर कापतो याचा हिशेब दर आठवड्याला करावा लागतो, आणि महिनोन्महिने बेंचवर बसलेल्याचा तो सुटतो. त्याच वर्षी वर्ल्ड कपच्या संघात त्याचं नाव आलं नाही, आणि जानेवारी 2024मध्ये तो अमेरिकेत, एमएलएसच्या कोलोरॅडो क्लबकडे परतला. वयाची पंचवीस ते सत्तावीस ही मोलाची वर्षं बेंचवर गेली.

तुमच्याच राज्यातला, पार्क रिजचा मॅट टर्नर. एमएलएसचे क्लब कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलं नाही. रिचमंडला लोनवर खेळून तो एमएलएसच्या न्यू इंग्लंड क्लबचा पहिला गोलकीपर झाला आणि 2021मध्ये एमएलएसचा सर्वोत्तम ठरला. 2022ला आर्सेनलने घेतलं, पण प्रीमियर लीगचा एकही सामना तिथे मिळाला नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये हंगामाच्या मध्यावर जागा गेली. 2025मध्ये फ्रान्सच्या ल्योंने घेतलं आणि लगेच न्यू इंग्लंडला लोनवर पाठवलं.

मग अमेरिकन गोलकीपर युरोपात स्थिरावलेच नाहीत का? स्थिरावले. ब्रॅड फ्रीडेलला लिव्हरपूलमध्ये तीन हंगामांत लीगचे 25 सामने मिळाले. 2000च्या अखेरीस तो ब्लॅकबर्नला गेला आणि पुढे प्रीमियर लीगमध्ये सलग 310 सामने खेळला. टिम हॉवर्ड तर तुमच्या शेजारच्या नॉर्थ ब्रन्सविकचा. मँचेस्टर युनायटेडमधली जागा गेल्यावर 2006ला एव्हर्टनला गेला आणि दहा वर्षं तिथे राहिला. दोघांनीही मोठं नाव सोडून गोलकीपरची गरज असलेला क्लब धरला.

आता तुमच्या एजंटाबद्दल. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूची देशाबाहेर बदली होत नाही. सोळाव्या वर्षाची सवलत युरोपीय संघातल्या आपापसातल्या बदल्यांना आहे, युरोपीय पासपोर्ट नसलेल्या अमेरिकनाला नाही. इंग्लंडने तर परदेशी खेळाडूंना अठराच्या आत दारच बंद केलंय. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले तर अपवाद मिळतो. मुलासाठी कंपनीकडून मागून घेतलेली बदली त्यात बसत नाही. अशाच प्रकरणांवरून फिफाने 2014मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली होती. म्हणजे 38,000 डॉलर भरून तुमचा मुलगा सराव करील, पण अधिकृत स्पर्धेत त्याची नोंदणी होणं जवळपास अशक्य. व्यावसायिक क्लब ज्याला निवडतो त्याच्याकडून फी घेत नाही. त्या माणसाकडे फिफाचा एजंट परवाना आहे का, हे फिफाच्या यादीत तपासा आणि अकादमीकडून त्याला किती कमिशन मिळतं ते लेखी विचारा. घरावर कर्ज काढू नका.

भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. हा पर्याय डोक्यातून काढा.

माझा सल्ला मुलाच्या बाजूने आहे : कॉलेज. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा नेहमीसारखी द्यावी, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रता केंद्रात नोंदणी करा. डिव्हिजन वन या तिच्या सर्वांत वरच्या गटासाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो, आणि त्यातले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम एनसीएए मान्य करतेच असं नाही, म्हणूनच बारावी स्पेनमधून करण्याची कल्पना दुहेरी धोक्याची आहे. दहावीनंतरच्या 15 जूनपासून कॉलेजचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात. म्हणजे ती मुदत कधीच सुरू झाली आहे, तुम्ही स्पेनच्या नादात ती वाया घालवताय.

व्हिडिओ चार मिनिटांच्या आत ठेवा. उड्या मारून अडवलेले शॉट थोडेच असू द्या. क्रॉस, बॅकपास आणि खाल्लेले दोन गोलही घाला, सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्या. कोचला विचारायचा मुख्य प्रश्न असा : तुमच्याकडे गोलकीपर किती आणि कोणत्या वर्षाला आहेत? पहिला गोलकीपर दुसऱ्या वर्षाला असेल तर तिथेही दोन वर्षं बेंचच आहे. नाव लहान असलं तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षी खेळवणारं कॉलेज निवडा. वीस-एकविसाव्या वर्षी चाळीसेक सामने गाठीशी असतील आणि त्याला स्वतःला युरोपला जावंसं वाटलं तर नॉर्वे-डेन्मार्कचे क्लब बघा. कोलोरॅडोचा गोलकीपर ईथन होर्व्हाथ नॉर्वेच्या मोल्डेमार्गेच बेल्जियमच्या क्लब ब्रुगपर्यंत पोचला. नॉर्वेच्या स्टाबेककडून खेळताना आपल्या भारतीय गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूनेही 2016मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पाऊल टाकलं होतं.

कॉलेजच्या कोचला पहिला ईमेल मुलाने लिहायचा. पाठवण्याआधी तो तुम्ही वाचायचा नाही.