परदेशी मदतीतून गरीब देशात धड नोकऱ्या तयार होतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. श्रीमंत देशांच्या मदतीतून विकसनशील देशात चांगल्या नोकऱ्या उभ्या राहतात, की सगळा पैसा सल्लागारांच्या मानधनात आणि गाड्यांच्या डिझेलमध्ये जिरतो? आणि भारताला आता असली मदत हवी तरी कशाला?

नोकऱ्या तयार होतात. त्या चांगल्या असतात की नाही, हा मात्र वेगळा हिशेब आहे, आणि मदत देणारे तो क्वचितच मांडतात. मी अर्थतज्ज्ञ नाही. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची हिशेबाची कामं करतो. त्यामुळे कुणी ‘रोजगारनिर्मिती’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी पगारपत्रक येतं. माणसाचं नाव आहे का, पीएफ-ईएसआय (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) कापलंय का, की ‘लेबर कॉन्ट्रॅक्टर’ अशा एका ओळीखाली दहा-पंधरा माणसं गुंडाळलीत? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ मध्ये चांगल्या कामाची व्याख्या केली, तीत रोजगाराबरोबर कामगारांचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगार-सरकार यांच्यातली बोलणी, असं सगळं धरलं होतं. पुढे २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ते आठव्या क्रमांकावर आलं. कागद चांगला आहे.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या, अथणीचं. कोल्हापुरी चप्पल म्हणून जी विकली जाते, त्यातली बरीच अथणी, निपाणी, मदभावी या पट्ट्यात बनते. (२०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते म्हणूनच महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमावादात निदान चप्पल तरी दोघांची ठरली.) हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, पुरुष तळ कापणार आणि ठोकणार, बायका वरचे पट्टे, वेण्या, शिवण करणार. काम निम्म्याहून जास्त बायकांचं, पण पैसे घरच्या पुरुषाच्या हातात. तोही व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बसलेला, म्हणून दर व्यापारी म्हणेल तो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनडीपीच्या मदतीने इथे काम सुरू झालं. बेंगळुरूच्या ‘असेंट’ या संस्थेने बायकांचे बचत गट बांधले आणि त्यातून ‘टोहोल्ड’ नावाने कारागिरांचाच उद्योग उभा राहिला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की मदतीचा पैसा चपला विकत घेण्यात गेला नाही. एकट्या कारागिराला जे कधीच परवडणार नाही त्यावर तो गेला. बाहेरच्या बाजारात माल द्यायचा तर सातचं माप प्रत्येक जोडात सातच यावं लागतं, डावा-उजवा नीट जुळावा लागतो, दमट हवेत जहाजातून जाताना कातड्याला बुरशी लागून चालत नाही. नमुने, साचे, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, हे सगळं घरातल्या ओसरीवर बसून एका कुटुंबाला कसं जमणार? शिवाय गटाच्या खात्यावर बाईचं नाव लागलं. माझ्या मते चांगल्या कामाची सुरुवात तिथे झाली.

पण पीएफ? तो त्यातून आला नाही, आणि गंमत बघा, निपाणीच्या विडीवालीला तो आहे. विडी म्हणजे तब्येतीची वाट लावणारं काम. दिवसभर मांडीवर सूप, नाकातोंडात तंबाखूची धूळ, हजार विड्यांमागे दर, त्यातून छाट काढली की मजुरी कमी. तरी १९६६ चा विडी कामगार कायदा होता (२०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितांत विलीन झाला), आणि घरी बसून वळणाऱ्या बायकांनाही पीएफ लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवलं. निपाणीत बायका संघटित झाल्या, भांडल्या, म्हणून कायदा थोडाफार घरापर्यंत पोचला. परदेशी मदतीचा त्यात काही संबंध नाही. सुंदर चप्पल शिवणारीला सुरक्षा नाही आणि विषारी विडी वळणारीला आहे, हे उलटंपालटं चित्र मदतीच्या कुठल्याही अहवालात बसत नाही.

माझ्या धंद्याजवळचं बघायचं तर बेळगावच्या फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने. ऊर्जा वाचवण्यासाठी युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था), जागतिक पर्यावरण निधी आणि आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा एक प्रकल्प झाला. त्यात कोइमतूर, इंदूरबरोबर बेळगाव होतं. असल्या प्रकल्पांचा उपयोग होतो, नाही असं नाही. भट्टीत वीज किंवा कोक वाचला की कारखाना टिकतो, आणि कारखाना टिकला तर नोकरी टिकते. पण वाचलेला रुपया कुठे गेला हे प्रकल्प विचारत नाही, कारण तो त्याचा विषयच नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाच्या कडा घासायला बसलेला माणूस ग्राइंडरसमोर तीच धूळ खातो, तोंडाला तोच रुमाल बांधतो आणि वहीत तो अजून कंत्राटदाराच्याच ओळीत असतो.

मदत आणि कामगाराची परिस्थिती यांचा दुवा मुद्दाम जोडला तर काय होतं ते कंबोडियात दिसलं. अमेरिकेने १९९९ मध्ये त्यांच्याशी कपड्यांचा करार केला: कारखान्यांतली परिस्थिती सुधारली की निर्यातीचा कोटा वाढवून मिळेल. २००१ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे लोक कारखान्यांत जाऊन तपासणी करू लागले. मदतीचा पैसा गेला तपासनिसांवर, आणि मालकाला कायदा पाळायचं कारण मिळालं ते जादा ऑर्डरच्या रूपात. मला हा सगळ्यात अक्कलहुशारीचा प्रयोग वाटतो. कोटापद्धत २००४ अखेर संपली तेव्हा ते बक्षीसही गेलं, तपासणी मात्र चालू राहिली.

इथिओपियात उलटं झालं. २०१६ मध्ये जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय संघाने पन्नास कोटी डॉलरची योजना जाहीर केली. एक लाख नोकऱ्या, त्यातल्या तीस हजार निर्वासितांना. आकडा आधी ठरला. कपड्यांच्या कारखान्यांत मूळ पगार किती होता? २०१९ मधल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अहवालानुसार महिन्याला २६ डॉलर. ब्लॅटमन आणि डर्कन या अभ्यासकांनी तिथल्या कारखान्यांत लागलेल्या लोकांचा माग घेतला, तर बहुतेकांनी वर्षाच्या आत नोकरी सोडलेली. मग २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या टिग्रे युद्धामुळे अमेरिकेने आयातीवरची करसवलत काढून घेतली आणि खरेदीदारांचाही पाय मागे गेला.

त्यामुळे कुठल्याही योजनेचं पत्रक हातात आलं की ‘इतके हजार रोजगार’ ही ओळ मी सोडून देतो. प्रकल्प गुंडाळल्यावर माल कोण घेणार, पैसे कुणाच्या खात्यावर पडतात आणि दर ठरवताना काम करणारा माणूस खोलीत असतो का, एवढं वाचतो. तिसऱ्याचं उत्तर बहुधा सापडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ब्रिटनने भारताला द्यायचं पारंपरिक अनुदान २०१५ मध्येच थांबवलं, आणि आपण स्वतः १९६४ पासून ‘आयटेक’खाली इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देतोय. अनुदानाची भारताला फारशी गरज उरलेली नाही. अथणीसारख्या ठिकाणी माप, चाचणी, बाजार यासाठी लागणारी रक्कम राज्य सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाला जड जाऊ नये.

खरं तर प्रश्न आता उलटा विचारायला हवा, कारण देणाऱ्यांच्या रांगेत आपणही आहोत. एक्झिम बँकेमार्फत (निर्यात-आयातीला कर्ज देणारी सरकारी बँक) आपण आफ्रिकी देशांना स्वस्त कर्ज देतो, त्यात साधारणपणे पंचाहत्तर टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. गोऱ्या देशांनी हे केलं की आपण त्याला बांधलेली मदत म्हणून नावं ठेवत होतो. तशा कर्जातून पाण्याचे पंप गेले तर त्यांचं कास्टिंग कदाचित उद्यमबागेतच ओतलं जाईल, आणि माझ्या वहीत चार ऑर्डरी वाढतील. मला चालेल. पण त्या देशातल्या ओतारी कारागिराला त्यातून काम मिळालं, असं मी तरी लिहिणार नाही.