जुलै सोडा, पहिली रांगही सोडा

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लॉस एंजेलिसजवळ राहता, आई-बाबा मेमध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत, मुलं 5 आणि 9 वर्षांची. जुलैमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर दोन रात्री तंबू टाकून राहायचंय. अगदी पाण्याला लागून जागा मिळेल का, आणि आई-बाबांना झेपेल का?

जागा मिळणं अवघड आहे, आणि मिळालीच तरी घेऊ नका. झेपण्याचं म्हणाल तर ते तुमच्या आईच्या गुडघ्यांना विचारा.

आम्ही सहा वर्षं दरवर्षी एकदा तरी कार्पिंटेरिया या किनाऱ्यावरच्या गावी जातो, त्यामुळे मी तिथल्याच अनुभवावर बोलतेय. लॉस एंजेलिसहून 101 हायवेने साधारण 80 मैल, सांता बार्बराच्या 12 मैल अलीकडे. राज्य सरकारचा किनारा, त्याला लागून कॅम्पग्राउंड, त्याचे चार भाग. भागांना नावं दिलीत समोरच्या बेटांची: अनाकापा, सांता क्रूझ, सांता रोसा, सान मिगेल. हवा स्वच्छ असली की ती बेटं खरंच समोर दिसतात. प्रत्येक साइटवर, म्हणजे तंबू टाकायच्या जागेवर, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. संडास फ्लशचे, गरम पाण्याचे शॉवरही आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे लगेच गाव. दूध संपलं तर चालत जाऊन आणता येतं, आणि आजी-आजोबा बरोबर असताना ही फार मोठी सोय आहे.

आता बुकिंग. राज्याच्या रिझर्व्हकॅलिफोर्निया वेबसाइटवर ज्या तारखेला पोचायचं, तिच्या बरोबर सहा महिने आधी सकाळी 8 वाजता ती तारीख उघडते. 12 जुलै हवी असेल तर 12 जानेवारीला सकाळी 8 वाजता लॉगिन करून, साइटचे नंबर आधीच ठरवून, तत्काळ तिकिटाला बसतो तसं बोट टेकवून बसायचं. शनिवार-रविवारच्या जागा चहा गाळेपर्यंत गेलेल्या असतात. तुम्ही मार्चमध्ये विचारताय, म्हणजे जुलै गेलाच. कुणी रद्द केलं तर कळवायची सोय वेबसाइटवर आहे, ती लावून ठेवा. पण खरं सांगायचं तर मला जुलै गेल्याचं दुःख वाटत नाही.

कारण जुलैतल्या समुद्राबद्दल आपल्या मनात जे चित्र असतं ते कोकणातलं असतं. इथे उत्तरेकडून गार पाण्याचा प्रवाह येतो, वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचं आणखी गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यावर हवा टेकली की धुकं. मे-जूनमध्ये इथले लोक 'मे ग्रे', 'जून ग्लूम' म्हणत वैतागतात, आणि कित्येक वर्षी तो ग्लूम अर्धा जुलै खातो. सकाळी अकरापर्यंत सूर्य नाही, सगळं राखाडी. माझ्या सासूबाई पहिल्या सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "अगं, हे तर महाबळेश्वर!" पायांत मोजे, अंगावर शाल, आणि समोर समुद्र. पाणी उन्हाळ्यातही 18 अंशांच्या आसपास. मुलं ओठ निळे होईपर्यंत खेळतात, मोठी माणसं घोट्यापर्यंत जाऊन परत फिरतात.

आणखी एक गंमत. कार्पिंटेरियाचा किनारा पश्चिमेला नाही, दक्षिणेला तोंड करून आहे. त्यामुळे जुलैत सूर्य पाण्यात बुडत नाही, उजव्या हाताला सांता बार्बराच्या बाजूला जमिनीवर मावळतो. गणपतीपुळ्यासारखा सूर्यास्त आई-बाबांना दाखवीन असं कबूल करून बसला असाल तर शब्द मागे घ्या.

म्हणून सप्टेंबर. लेबर डे उलटला, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार गेला, की शाळा चालू, गर्दी ओसरते, धुकं कमी होतं आणि पाणी वर्षातलं त्यातल्या त्यात कोमट असतं. आई-बाबा तेव्हा इथेच असणार. आणि सप्टेंबरच्या तारखा आत्ता, याच महिन्यात, रोज सकाळी एकेक करून उघडताहेत. मुलांची एका शुक्रवारची शाळा बुडवायची तयारी असेल तर गुरुवार-शुक्रवारच्या रात्री बघा, त्या बऱ्याच सोप्या जातात.

पहिल्या रांगेचं सांगते. पहिल्या वर्षी आम्हीही हट्टानं तीच घेतली होती, जास्त पैसे मोजून. नवऱ्याला वाटलं, तंबूची चेन उघडली की समोर समुद्र. समोर होता तो शेजाऱ्याच्या आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, मागचा बंपर. समुद्र होता, पण त्याच्याकडे जाणारी वाट आमच्या टेबलाला घासून जात होती आणि दिवसभर लाटांवर घसरायचे बोगी बोर्ड घेतलेली पोरं, छत्र्या, स्ट्रोलर यांची वरात चालू होती. दुपारी वारा सुटला. जमीन भुसभुशीत, बारक्या खुंट्या सुरीनं लोणी कापावं तशा निघून आल्या. स्टोव्ह तीनदा विझला. चौथ्यांदा कुकरला शिट्टी आली तेव्हा भातात वाळू होती. रात्री खारा दमटपणा असा की उशी पिळून काढावी. तेव्हापासून आम्ही दुसरी किंवा तिसरी रांग घेतो. झाडाझुडपांचा आडोसा, जमीन जरा घट्ट, आणि पाणी तरीही दोन मिनिटांवर. लाटांचा आवाज तिथेही तितकाच येतो.

साइट निवडताना नकाशावर संडास कुठे आहे ते आधी बघा. आई-बाबांसाठी जवळ हवा, पण अगदी शेजारी नको. रात्रभर त्याचा दिवा तुमच्या तंबूवर पडतो आणि दार दर दहा मिनिटांनी आपटतं. दोन-तीन साइट सोडून घ्या. आणि एक मग न्या. का ते तुम्हाला सांगायला नको.

झोपण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. हवेच्या गाद्या मऊ असतात पण आतली हवा गार पडते आणि थंडी खालून येते. वर दोन रजया घेऊन माणूस कुडकुडत राहतो आणि कळत नाही का. गादीवर आधी एक जाड सतरंजी किंवा फोमची मॅट टाका, मग अंथरूण. सासऱ्यांसाठी आम्ही फोल्डिंगची कॉट नेतो, कारण जमिनीवरून उठताना त्यांना आधाराला काहीतरी लागतं. तंबूत उभं राहता येईल एवढी उंची हवी, नाहीतर कपडे बदलताना आईची कंबर धरलीच म्हणून समजा. रेनफ्लाय म्हणजे वरचं छत पाऊस नाही म्हणून घरी ठेवू नका. ते दवासाठी आहे. पहाटे त्यावरून अक्षरशः पागोळ्या गळतात.

गुडघे फारच कुरकुरत असतील तर सरळ गावात चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली घ्या. दिवसभर आणि शेकोटीपर्यंत सगळे एकत्र, रात्री आजी-आजोबा पलंगावर. यात कसला कमीपणा नाही. हवं तर त्यांना ट्रेननं आणा. अ‍ॅमट्रॅकची सर्फलायनर कार्पिंटेरियाला थांबते, स्टेशनपासून कॅम्पग्राउंड काही मिनिटांच्या चालीवर, आणि व्हेंच्युरानंतर गाडी बराच वेळ समुद्राला चिकटून धावते. त्याच गाड्या तुमच्या तंबूमागूनही जातात, हे आधीच सांगून ठेवते. झोप सावध असेल तर कानात कापूस. आमच्या मुलाला लहानपणी तेच सगळ्यात जास्त आवडायचं, समुद्राकडे पाठ करून तो ट्रेन मोजत बसायचा.

आता डांबर. किनाऱ्यावर पूर्वेकडे चालत गेलात की उतारावरून काळं, चिकट काहीतरी ओघळताना दिसेल. कुणी टाकलेलं नाही, जमिनीतूनच पाझरतं. माझे बाबा आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. त्यांनी खाली वाकून वास घेतला आणि अगदी आनंदानं म्हणाले, "हे आपलं रस्त्याचंच!" हो, तेच. इथले मूळ रहिवासी चुमाश लोक हेच डांबर फळ्यांच्या फटींत भरून 'टोमोल' नावाच्या होड्या बांधत आणि त्या घेऊन समोरच्या बेटांवर ये-जा करत. 1769 मध्ये पोर्तोला या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या मोहिमेतल्या सैनिकांनी इथे होडी बांधायचं काम चाललेलं पाहिलं आणि जागेला 'ला कार्पिंतेरिया' म्हणायला लागले, म्हणजे सुतारशाळा. गावाचं नाव तिथून आलं. मुलांना ही गोष्ट त्या काळ्या ओघळासमोर उभं राहूनच सांगा.

सांगून झाल्यावर त्यांचे तळवे बघा. वाळूत त्याचे बारीक गोळे असतात, दिसत नाहीत, पायाला लागतात आणि तिथून टॉवेल, तंबू, गाडीची सीट असा प्रवास करतात. साबणानं ते जात नाही, उलट पसरतं. आम्ही अर्धा तास घासत बसलो होतो. मग माझ्या आईनं पिशवीतून खोबरेल तेलाची निळी बाटली काढली, नातवाचा पाय मांडीवर घेतला, तेल लावून दोन मिनिटं अंगठ्यानं गोल गोल चोळलं आणि जुन्या फडक्यानं पुसलं. पाय स्वच्छ. शेजारच्या तंबूतली बाई बघत होती, तीही मुलीला घेऊन आली. परतताना आईनं मला सांगितलं, "अमेरिकेत माझ्या बाटलीला गिऱ्हाईक लागलं." तेव्हा तेल आणि फडकं तंबूच्या दाराशीच ठेवा, चपला बाहेर.

शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका. लाकडातून झाडं पोखरणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, म्हणून जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची अशी पद्धत आहे. मोळ्या तिथे मिळतात. निखाऱ्यात रताळी, कणसं, तोंडी लावायला लिंबू-तिखट-मीठ, आणि घरून करून नेलेलं काहीतरी कोरडं. पहिल्या दिवशी कौतुकानं पिठलं-भाकरीचा घाट घालाल, दुसऱ्या दिवशी थालीपिठाचं पीठही मळवत नाही. गरमागरम पिठल्याला जगात तोड नाही हे मान्य, पण भांडी घासायला नळ लांब आहे. रात्री विस्तव पाणी ओतून विझवा. वाळूनं झाकू नका. झाकलेला निखारा वरून दिसत नाही आणि आत तासन् तास धगधगत राहतो, सकाळी अनवाणी पोराचा पाय त्यावर पडतो.

खाण्याचं सगळं रात्री गाडीत बंद. रॅकून नावाच्या इथल्या निशाचर प्राण्याचे हात आपल्यासारखेच चालतात. चारी बाजूंनी खटके असलेला आमचा शंकरपाळ्यांचा डबा त्यानं टेबलावर बसून शांतपणे एकेक खटका उघडून रिकामा केला. आम्ही टॉर्च मारला, तर त्यानं आमच्याकडे पाहिलं, दोन आणखी घेतले आणि मग गेला. दिवसा तेच काम सीगल करतात, फक्त तेवढ्या सभ्यपणे नाही.

रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते आणि ती लोक खरंच पाळतात. त्यामुळे अंताक्षरी साडेनऊला आटपा. एका साइटवर जास्तीत जास्त 8 माणसं, त्यामुळे "आम्हीही येतो" म्हणणाऱ्या मित्रांना त्यांची साइट घ्यायला सांगा.

पोहण्याच्या बाबतीत तळ उथळ आणि हळूहळू खोल होत जाणारा आहे, 'जगातला सर्वांत सुरक्षित किनारा' अशी गावाची जुनी शेखी आहे. शेखी ती शेखी. पाच वर्षांच्या मुलापासून हातभरावरच राहा, आणि लाइफगार्ड कुठे बसलाय ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. ओहोटीची वेळ मोबाइलवर आदल्या रात्री पाहा. पाणी मागे गेलं की खडकांच्या डबक्यांत खेकडे आणि फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी म्हणजे सी-अ‍ॅनिमोन दिसतात. बोट लावलं की अ‍ॅनिमोन मिटतो, म्हणून हळूच, एकदाच. थोडं पुढे कड्यावरून सील दिसतात, पण त्यांचा मोसम हिवाळ्याचा आहे. डिसेंबर ते मे त्यांच्या पिल्लांसाठी तेवढा किनारा बंदच ठेवतात. सप्टेंबरमध्ये एखाद-दुसरा दिसला तर नशीब.

सप्टेंबरमधले दोन-तीन गुरुवार आज रात्रीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, त्यांतून बरोबर सहा महिने वजा करा आणि त्या सकाळी पावणेआठचा गजर लावा. साइट नंबर ठरवताना अडलात तर खाली विचारा, नकाशा माझ्या डोक्यात पाठ आहे.