पाटी लावण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. वडिलांच्या मागे खानावळ तू चालवायला घेतलीस आणि चालवूनही दाखवलीस, याचा मला फार आनंद आहे. आता बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाआधी दारात पाटी लावायची म्हणतेस: ‘मंत्री, आमदार आणि सरकारी अधिकाऱ्यांना इथे जेवण मिळणार नाही.’ मजकूर कसा असावा, मराठीबरोबर कानडीतही लिहावा का, असं विचारलंस. ती पाटी तू लावूच नयेस असं माझं मत आहे. का, ते सविस्तर लिहितो.

तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण बेळगावचे मराठी लोक या कानडी राज्यात आलो ते आपल्याला विचारून नव्हे. महाराष्ट्राने या सीमाभागासाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, त्याचा निकाल अजून लागायचाय. उतारा कानडीत, नोटीस कानडीत, आणि २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी हवं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुझे वडील लाठ्या खाऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या पाठीला हळद लावणाऱ्यांत मी होतो. त्याच १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिवसाच्या फेरीत तू दरवर्षी असतेस. तशीच राहा. माझा आक्षेप आहे तो जेवणाच्या पानावरून माणूस उठवण्याला.

आधी हे बघ की तुझी पाटी कुणाला लागणार. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध, म्हणजे अधिवेशनाची इमारत, २०१२ साली सुरू झाला. अधिवेशनाच्या दिवसांत गावात लॉजची खोली मिळणं मुश्कील होतं. पण मंत्री काही तुझ्याकडे जेवायला येत नाही. तो सर्किट हाऊसला नाहीतर मोठ्या हॉटेलात उतरतो, तिथेच त्याचं ताट लागतं. तुझ्या बाकड्यावर येतो तो त्याचा ड्रायव्हर, गनमॅन, खात्याचा क्लार्क, आणि विजापूर-बागलकोटहून बंदोबस्ताला आणलेला पोलीस शिपाई. हे मी वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून पाहिलंय. दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, भाजी तळाला गेलेली असते. शिपाई येतो, टोपी बाकावर ठेवतो, नळावर कोपरापर्यंत हात धुतो. ‘रोट्टी ऐतेन्री?’, भाकरी आहे का, असं कानडीत विचारतो. भाकरी, झुणका, शेंगाची चटणी पुढ्यात आली की मान वर न करता जेवतो, आणि रात्रपाळीसाठी दोन भाकऱ्या कागदात बांधून मागतो. त्याची बायको-पोरं तिकडे गावाकडे. त्याने ना सीमा आखली, ना पाट्यांचा कायदा केला. ‘सरकारी अधिकारी’ या शब्दात तो बसतो की नाही, हे दारात उभं राहून ठरवणार कोण? तुझा वाढपी पोरगा. भांडण झालं तर पहिली थप्पडही त्यालाच.

तू अमेरिकेतलं उदाहरण दिलंस. मलाही ते ठाऊक आहे. २०१८ च्या जूनमध्ये व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन गावी ‘रेड हेन’ नावाच्या छोट्या हॉटेलात ट्रम्प यांच्या प्रवक्त्या सारा सँडर्स जेवायला आल्या होत्या. मालकिणीने आधी कामगारांना विचारलं, मग बाईंना बाजूला घेऊन, आवाज न चढवता, जायला सांगितलं. त्या गेल्या. मालकिणीच्या सभ्यपणाबद्दल माझ्या मनात आदर आहे. कामगारांचं मत घेतलं, हे तर आपल्याकडे कुणी मालक करत नाही. पण पुढचंही बघ. सँडर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी सरकारी खात्यावरून ते जगजाहीर केलं, हॉटेल काही दिवस बंद ठेवावं लागलं, आणि ‘रेड हेन’ हेच नाव असलेल्या, या प्रकाराशी काडीचा संबंध नसलेल्या दुसऱ्या गावांतल्या हॉटेलांनाही शिव्या आणि धमक्या खाव्या लागल्या. ज्या धोरणांचा तिथल्या लोकांना संताप होता, त्यांतलं एक होतं सीमेवर आईबापांपासून मुलं तोडण्याचं. त्याला ट्रम्प यांना त्या जेवणाच्या दोनच दिवस आधी, २० जूनला, आवर घालावा लागला होता. तो देशभर उठलेल्या लोकक्षोभामुळे. हॉटेलच्या टेबलावर जे घडलं त्याने चर्चा धोरणावरून उठून एका बाईच्या जेवणावर आली. मला ते नुकसानीचं वाटतं.

कायद्याचं म्हणशील तर तुझी बाजू कच्ची नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला मज्जाव करता येत नाही. त्या यादीत पद नाही, पक्षही नाही. पण ती ओळ घटनेत का घालावी लागली, हे खानावळवाल्याने विसरू नये. आपल्याच मुलखात चहाच्या दुकानात दलितांची कपबशी वेगळी ठेवलेली असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं दुकान काढलं तेव्हा लोक तिथे फिरकेनात, म्हणून शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांचा चहा प्यायचे. डॉ. आंबेडकर १९२५ साली निपाणीत बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते. ‘तुला इथे मिळणार नाही’ हे वाक्य या मातीत फार जुनं आहे, आणि ते कुणाच्या तोंडून कुणाला ऐकवलं गेलं ते तुला ठाऊक आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, इतकं ते आपल्या हाडीमाशी मुरलंय.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील, मंत्री म्हणजे काय दुबळा आहे? त्याला एक वेळ उपाशी ठेवलं तर काय बिघडलं? खरंच काही बिघडत नाही, आणि मंत्र्याची कीव करायला मी सांगतही नाही. पण बेळगावात अशी गोष्ट मंत्र्यापाशी थांबत नाही. २०२२ च्या डिसेंबरात भांडण दोन सरकारांचं होतं. दगड पडले ते हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर, आणि काळं फासलं गेलं ते पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना. २०२५ च्या फेब्रुवारीत इथे कर्नाटकाच्या बसच्या एका कंडक्टरला मार बसला. त्यावरून तिकडे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं लागलं. दोघेही तिकिटाच्या आणि स्टिअरिंगच्या नोकरीतले लोक. तू आज ‘अधिकारी’ लिहिशील, आठवड्याभरात गल्लीतली पोरं ते ‘कानडी’ असं वाचतील, आणि त्यानंतरच्या आठवड्यात गोकाकला बाजाराला गेलेल्या आपल्या मराठी शेतकऱ्याला कुणीतरी ताटावरून उठवेल. हे घडणारच नाही असं मला छातीवर हात ठेवून सांग, मग मी पाटी स्वतः रंगवून देतो.

१९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या टिळकवाडीत भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. ते अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन. असहकार शिकवणारा हा माणूस. त्यांनीच १९३० च्या दांडीयात्रेत गावोगावच्या लोकांना बजावलं की सरकारी नोकरांचं अन्नपाणी तोडू नका. सरकारशी असहकार करा, कर देऊ नका, पदं सोडा, पण गावात आलेल्या अंमलदाराला उपाशी ठेवणं हा धर्म नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. इतक्या मोठ्या लढ्यात ही रेघ ओढायला धैर्य लागतं.

मग नकार द्यायचाच नाही का? द्यायचा, आणि ठणकावून द्यायचा. १८९० साली मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि यापुढे विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. माझ्या मते धंदेवाल्याने तत्त्वासाठी दिलेला आपल्या भाषेतला हा सर्वांत मोठा नकार. कुणाची दाढी करायची नाही, कुणाला दुकानात घ्यायचं नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. एक अन्यायाचं काम होतं, त्याला आपला वस्तरा लावायचा नाही, एवढंच. तुझ्याकडेही अशी कामं येतील. एखाद्या पक्षाच्या सभेला पाचशे पाकिटं हवीत आणि त्या सभेत आपल्या लोकांना शिव्या घालायच्या आहेत, तर ऑर्डर घेऊ नकोस. तुमच्या शेजारच्या फ्लेक्सवाल्यालाही हेच सांग. कुणाचा अपमान करणारा मजकूर असेल तर छापायचं नाही, मग तो कानडी संघटनेचा असो की आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पोरांचा. तोच गिऱ्हाईक उद्या बारशाचा फलक करायला आला तर करून द्यावा.

आता खरी परीक्षा कुठे होते ते सांगतो. ती आहे फुकटच्या ताटात. परवान्याची, स्वच्छतेची तपासणी करणारा माणूस जेवतो, हात पुसतो, आणि ‘लिहून ठेवा’ म्हणून निघतो. एका साहेबांची अशी वही माझ्याकडे पानंच्या पानं भरली होती; एक रुपया आला नाही आणि मागायची सोय नव्हती. अधिकाऱ्याला नकार द्यायचाय ना? इथे दे. प्रत्येक ताटाचं बिल फाड, साहेबाच्या हातात दे, पैसे घे, आणि हे सगळं चार गिऱ्हाइकांदेखत कर. सवलत नाही, उधारी नाही, आतल्या खोलीत वेगळी पंगत नाही. आमदार रांगेत उभा असेल तर पुढचं टेबल त्याच्या आधी आलेल्या हमालाला मिळेल. फोटो काढून भिंतीवर लावणार नाही. हे पाटीपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण याची बातमी होत नाही आणि तपासणी मात्र दुसऱ्या आठवड्यात होते. म्हणून आधी परवाने, पाण्याचा रिपोर्ट, कामगारांचं मस्टर, जीएसटीचे कागद चोख कर. तुझा नकार टिकतो तो या कागदांच्या जोरावर.

वागणुकीवरून मात्र कुणालाही बाहेर काढ. २०१७ साली खासदार रवींद्र गायकवाड यांनी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं स्वतःच सांगितलं, तेव्हा विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट द्यायचं बंद केलं. ते शिवसेनेचे, आपल्याच मराठी मुलखाचे. मला तो निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो. त्यांनी लेखी खेद व्यक्त केल्यावर बंदी उठली, हेही बरोबरच झालं. वाढप्याला शिवी दिली, हात उगारला, भांडी घासणाऱ्या बाईंकडे वाकडं बघितलं, तर तो मंत्र्याचा मेव्हणा असो की मराठी चळवळीतला कार्यकर्ता, त्याला दार दाखवायचं. हा नियम तू जरूर लिहून लाव, दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत.

आणखी एक. तुझ्या स्वयंपाकिणीचं घर रस्तारुंदीत पाडलं गेलं, तो अधिकारी जेवायला आला तर? तिला त्याच्यासमोर उभं करू नकोस. ताट दुसऱ्याने न्यावं. तिला आत बसू दे, हवं तर घरी जाऊ दे, पगार कापू नकोस. तिला जे सोसवत नाही ते तू धंद्याच्या नावाखाली तिच्यावर लादू नयेस. जिची जखम ताजी आहे तिला हा हक्क आहे. तो मालकाच्या पाटीत येत नाही, रोजच्या सांभाळण्यात येतो.

नोव्हेंबर संपायच्या आत सगळ्या कामगारांना बसवून हे बोल. त्यांचं ऐक, कदाचित त्यांचं मत माझ्याहून वेगळं निघेल. पोलीस खात्याची एकगठ्ठा जेवणाची ऑर्डर आली तर आगाऊ रक्कम आणि सहीशिक्क्याचं पत्र घेतल्याशिवाय चूल पेटवू नकोस. बिलं मार्चपर्यंत अडकतात आणि किराणावाला तोवर थांबत नाही. दरपत्रक मला पाठव, मी बघून देतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका