प्राइस ड्रॉपचा क्लेम अडकलाय? उदगीरच्या एका जुन्या दुकानदाराचं उत्तर

कंधारच्या एका मोबाइल दुकानदार भावाची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. देशी मोबाइल कंपनीचा माल भरला, थोड्याच दिवसांत कंपनीनं भाव पाडला, फरक मागितला तर डिस्ट्रिब्युटर म्हणतो, "क्लेम वर पाठवलाय, पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट येईल." (क्रेडिट नोट म्हणजे फरकाची रक्कम आपल्या खात्यात जमा दाखवणारा कागद.) हा क्लेम मिळवायचा कसा, हा त्यांचा पहिला प्रश्न. खाली दुसरा प्रश्न आहे: मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स ही सगळी मंडळी चायनाच्या स्वस्त फोनांपायीच बसली ना? मग ही नवी देशी कंपनी तरी टिकेल का?

"पुढच्या महिन्यात" हे शब्द मी इतके ऐकलेत की आता कोणी जेवायला बोलावताना म्हणालं तरी भरवसा बसत नाही. आधीच सांगून ठेवतो, मी सीए नाही, वकील नाही. उदगीरला मोबाइलचं दुकान आहे, एके काळी निम्म्याहून जास्त काउंटर देशी कंपन्यांचं होतं. माझी जिथं रक्कम अडकली त्या कंपनीचं नाव घेणार नाही, विचारूही नका.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

"चायनानं मारलं" हे अर्धं खरं आहे. आपले देशी फोन तरी कुठं बनत होते? डिझाइन शेन्झेनचं, चिप तैवानच्या मीडियाटेकची, पेटीवर नाव आपलं. 2012 चा मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास 2 आठवा, दहा हजारांच्या आत पाच इंची स्क्रीन, दोन सिम. आमच्याकडं पोरं तो फोन खिशात मावत नाही म्हणून हातात घेऊन हिंडायची. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनॅलिस या बाजार पाहणी करणाऱ्या कंपनीच्या आकडेवारीत मायक्रोमॅक्सनं भारतात स्मार्टफोनमध्ये सॅमसंगलाही मागं टाकलं होतं. म्हणजे तोच चायनाचा माल आपल्या नावानं विकून ही कंपनी एक नंबरला गेली होती. पण बटईच्या रानात विहीर कोण खोदतं? सॉफ्टवेअर स्वतःचं नाही, अपडेट यायचं नाही, पुढच्या मॉडेलला कारखानाच दुसरा, त्यामुळं मागच्याचा डिस्प्ले मिळायचा नाही.

मग त्यांचं स्वतःचं असं होतं काय? तर आम्ही. तालुक्याचे दुकानदार. मोठ्या परदेशी कंपन्यांचा माणूस लातूर, नांदेडच्या पुढं येत नव्हता तेव्हा देशी कंपन्यांचे सेल्स ऑफिसर मोटारसायकलवर देगलूर, मुखेड, अहमदपूर करायचे. 2008 मध्ये मायक्रोमॅक्सनं महिनाभर स्टँडबाय चालणारा फोन काढला. भारनियमनात गावंच्या गावं अंधारात असायची तेव्हा तो कुणाला लागतो हे त्यांना बरोबर कळलं होतं. एवढी नस सापडलेली असताना त्यांनी दुकानदाराला वाऱ्यावर सोडलं. माझ्या मते तिथं त्यांचा खेळ संपला. चायनावाले नंतर आले आणि मोकळी जागा भरून गेले.

आता माझं रडगाणं. थोडं लांबेल.

2016 ची गोष्ट. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यावरून गिऱ्हाइकीचं काय झालं असेल ते समजून घ्या. पुढं पाऊस बरा झाला, सोयाबीनचा पैसा येईल म्हणून सगळ्यांनी दिवाळीचा माल भरला. आणि 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. फुकट इंटरनेट, फुकट कॉल, पण फोन 4जीचा पाहिजे. आमच्या काउंटरवरचा देशी माल बहुतेक 3जी. गिऱ्हाईक आत येऊन एकच विचारायचं, "जिओ चालतंय का ह्यात?" नाही म्हणलं की उलट्या पावली बाहेर.

कंपनीनं 3जी मॉडेलांचे भाव पाडले. पाडणारच. अशा वेळी रिवाज असा, की दुकानात पडलेल्या, अ‍ॅक्टिव्हेट न झालेल्या पेटीपॅक फोनांचे आयएमइआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) कळवायचे आणि जुन्या-नव्या भावातला फरक कंपनीनं क्रेडिट नोटनं द्यायचा. मी यादी त्याच आठवड्यात दिली.

विभागीय कार्यालयातून निरोप आला, हातानं लिहिलेली यादी चालत नाही, एक्सेलमध्ये द्या. दिली. मग म्हणे डिस्ट्रिब्युटरचा सही-शिक्का पाहिजे. तो घेतला. मग म्हणे खरेदीची बिलं जोडा. जोडली. एवढं झाल्यावर उत्तर काय, तर क्लेम ठरलेल्या मुदतीनंतर आलाय, नामंजूर! मुदत गेली कशात? त्यांच्याच टेबलावर. नोटबंदीच्या धामधुमीत, जेव्हा गल्ल्यात दोन हजाराची नोट मोडायला सुट्टे नव्हते, तेव्हा मी रात्रीची एसटी धरून त्या कार्यालयात गेलो. समोरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तुमचं बिल डिस्ट्रिब्युटरचं आहे. आमचा तुमचा थेट व्यवहारच नाही." बोर्ड त्यांचा, टार्गेट त्यांचं, स्कीमचा मेसेज त्यांचा, आणि व्यवहार नाही! डिस्ट्रिब्युटरकडं गेलो तर तो बिचारा आमच्याहून जास्त अडकलेला. वरून आलं नाही तर देऊ कुठून, म्हणाला. खोटं बोलत नव्हता, वर्षभरात त्यानं गोडाऊन रिकामं केलं आणि खताचं दुकान टाकलं.

गंमत पुढं आहे. आमचा जो सेल्स ऑफिसर रोज "होऊन जाईल" म्हणायचा तोच काही महिन्यांनी दुसऱ्या, चायनाच्या कंपनीचा टी-शर्ट घालून दुकानात हजर. बोर्ड फुकट लावून दिला, कंपनीच्या पगारावर एक पोरगा काउंटरला उभा केला, आणि पहिल्या स्कीमचे पैसे ठरल्या तारखेला खात्यावर आले. सांगा, मी माल कुणाचा लावणार? स्वदेशीचं भाषण ऐकायला मलाही आवडतं, पण दुकानाचं भाडं त्यात निघत नाही.

विवो-ओप्पोनं क्रिकेटवर पैसा ओतला, 2016 पासून आयपीएललाच विवोचं नाव होतं, ते सगळे सांगतात. दुकानदाराच्या हिशेबात ते किती चोख होते हे कोणी लिहीत नाही. शाओमी 2014 मध्ये आली ती नुसती ऑनलाइन. आमच्याकडं लोक फ्लॅश सेल धरायला नेट कॅफेत बसायचे. 2017 संपता संपता ती एक नंबरला गेली, पण तोवर तीही दुकानांच्या मागं लागली होती. एकट्या स्वस्ताईनं काम होत नाही हे तिलाही कळलं होतं.

सर्व्हिस सेंटरबद्दल एकच. गावाकडचं गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही, तुम्हाला ओळखतं. जॉबशीट (दुरुस्तीला फोन दिल्याची पावती) घेऊन दोन-दोन महिने फोन आला नाही की शिव्या आपल्याला. त्या कंपनीचं जिल्ह्याचं सेंटर तर एक दिवस न सांगता बंद झालं, गिऱ्हाइकांचे फोन आत!

आता तुमचं काम.

आयएमइआयची यादी, खरेदीची बिलं आणि भाव पाडल्याचा मेसेज हे सगळं आज रात्रीच ईमेल करा, डिस्ट्रिब्युटरला आणि कंपनीला दोघांना. व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके सर" आलं म्हणून गप्प बसू नका, तो नंबर कंपनीचा असतो आणि माणूस गेला की बंद होतो. डिस्ट्रिब्युटरकडून खातेउतारा सही-शिक्क्यानिशी मागा, त्यात क्लेम येणं दाखवलाय का बघा. पुढचं पेमेंट करताना क्लेमची रक्कम वळती करून घेता आली तर उत्तम, पण तोंडी नको, लेखी होकार घ्या. नाहीतर उलट तुमच्यावरच चेक बाउन्सची केस यायची. क्रेडिट नोट जीएसटीसकट आहे का नुसती कमर्शियल, म्हणजे जीएसटीशिवायची, यावर तुमच्या आयटीसीचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) हिशेब ठरतो, ते सीएला विचारा.

पोस्टखाली कोणीतरी सल्ला दिलाय की ग्राहक आयोगात जा. नका जाऊ. विकण्यासाठी माल घेणारा कायद्यानं ग्राहक धरला जात नाही. उलट फोन बिघडला म्हणून तुमचं गिऱ्हाईक मात्र तुम्हाला आणि कंपनीला दोघांनाही आयोगात ओढू शकतं, त्याला दोन वर्षांची मुदत आहे. तसंच उद्यम, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीवर उशिरा पेमेंटची तक्रार करा असंही एकानं लिहिलंय. व्यापाऱ्यांना ती नोंदणी 2021 पासून मिळते, पण फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, थकीत रकमेच्या तक्रारीला चालत नाही. राहिला दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांच्या आत. रक्कम लहान असेल तर वकिलाची नोटीस पाठवून थांबलेलं बरं, हे माझं मत. मी नोटीसही पाठवली नव्हती, तेव्हा त्यानं काय होतं हे अनुभवानं सांगू शकत नाही.

ही नवी कंपनी टिकेल का? लावा अजून उभी आहे. मायक्रोमॅक्सनं 2020 च्या नोव्हेंबरमध्ये, गलवानच्या चकमकीनंतरच्या चीनविरोधी हवेत, 'इन' नावानं पुन्हा येऊन पाहिलं, फार जमलं नाही. देशात कारखाने भरपूर झालेत, डिक्सनसारखी भारतीय कंपनी शाओमीचे फोन बनवते. म्हणजे पूर्वी त्यांच्या मालावर आपलं नाव होतं, आता आपल्या मालावर त्यांचं. फोनचा दर्जा ही आता अडचण राहिलेली नाही. म्हणून मी फोन बघतच नाही, तीन गोष्टी विचारतो: प्राइस ड्रॉपचं संरक्षण किती दिवसांचं आणि ते लेखी देता का, डीओए म्हणजे पेटीतूनच बंद निघालेला पीस जागेवर बदलून देता का, आणि नांदेडच्या सर्व्हिस सेंटरला डिस्प्ले आज शिल्लक आहे का. तिसऱ्याचं उत्तर सेल्स ऑफिसरकडून घेऊ नका, स्वतः सेंटरला फोन लावा.

तोवर दुसरा लॉट उचलू नका, स्कीम कितीही गोड असली तरी. आणि अडकलेले पीस भाव पाडून का होईना, सोयाबीनचा पैसा गावात आहे तोवर काढा. सोबत कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास द्या, फोनात गेलेलं थोडंफार तिथं निघतं.