शेजारच्या आंब्याने उजेड अडवलाय, फांद्या छाटल्या तर चालेल का?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डिंग 2010 ची, शेजारी जुना बंगला आणि त्याच्या कंपाउंडला लागून भलामोठा आंबा. गेल्या काही वर्षांत तो इतका पसरलाय की मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, फांद्या ग्रिलला घासतात. बंगल्यातले आजोबा म्हणतात, झाड वडिलांनी पानशेतच्या पुराच्या साली लावलंय, हात लावू देणार नाही. आणि ताईंचा भाऊ म्हणतो, आपल्या हद्दीत आलेली फांदी आपली, रविवारी कोयतेवाला बोलव आणि मोकळी हो.

ताई, आधी त्या कोयतेवाल्याला नाही म्हणून सांगा.

भाऊ बोलतोय ते अगदीच हवेतलं नाहीये. हद्दीवरून आत आलेली फांदी शेजाऱ्याने हद्दीपर्यंत कापायला हरकत नाही हे इंग्लंडच्या कोर्टांनी एकोणिसाव्या शतकातच मान्य केलंय आणि आपल्याकडचे वकीलही ते निवाडे दाखवतात. (फांदी "आपली" मात्र होत नाही हं, कापलेलं लाकूड आणि त्यावरचे आंबे झाडाच्या मालकाचेच, हेही तिथल्याच कोर्टांनी सांगितलंय. त्यामुळे लोणच्याचा प्लॅन असेल तर आजोबांना विचारून.) पण आपण राहतो महाराष्ट्रात, आणि इथे शहरी भागासाठी 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे. त्यात "झाड तोडणे" याची व्याख्या फार रुंद आहे, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात बसतं. परवानगी न घेता केलं तर दंड आणि वर किमान एक आठवडा ते एक वर्षापर्यंत कैद. दंड म्हटलं की लोक हसतात, पुढची कैद कोणी वाचत नाही. आणि आजोबा ज्या आवाजात बोलतायत त्यावरून ते फोटो काढून तक्रार करणार हे मला इथूनच दिसतंय.

आता तुम्ही विचाराल, मग माझ्या उजेडाच्या हक्काचं काय? तो हक्क आहे, 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, पण त्यासाठी खिडकीतून येणारा उजेड सलग 20 वर्षं विनाअडथळा उपभोगलेला लागतो. तुमची बिल्डिंगच 2010 ची म्हणजे तिथेच अडलं. त्यातून झाड तुमच्या बिल्डिंगच्या आधीचं, उद्या समोरचा वकील विचारणार की बाई, तुम्ही फ्लॅट घेतला तेव्हा हा आंबा काय कुंडीत होता का? आणि 20 वर्षं भरली असती तरी उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, घरात नीट राहता येत नाही इतका त्रास दाखवावा लागतो. अजून एक, ज्याचा हा हक्क सिद्ध झालाय त्यानेसुद्धा अडथळा स्वतःच्या हाताने काढायचा नाही असं याच कायद्याचं 36 वं कलम सांगतं. म्हणजे उजेडाच्या मुद्द्यावर केस कमजोर आहे, उगाच त्यावर पैसे घालवू नका.

तुमची मजबूत बाजू वेगळी आहे, ग्रिलला घासणाऱ्या फांद्या. हद्द ओलांडून आलेल्या फांद्यांचा उपद्रव होतोय या मुद्द्यावर दिवाणी कोर्टात दावा लावता येतो, त्याला 20 वर्षांची अट नाही. त्यामुळे कागदावर पहिलं वाक्य नेहमी ग्रिलचं आणि भिंतीचं येऊ द्या, उजेड त्याच्या मागे.

पण दावा शेवटचा. त्याआधी आजोबांकडे जा, आणि "झाड कापा" हे शब्द तोंडातून काढू नका. पानशेतचा पूर 1961 चा, म्हणजे झाड साठीच्या पुढचं. झाडांच्या त्याच 1975 च्या कायद्यात 2021 ला झालेल्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात, ती तोडायची तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात, सो तोडायचा विषय संपलाच. त्यांना सांगा की फक्त विरळ करायचंय. आतल्या वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, गर्दी करणाऱ्या फांद्या काढायच्या, झाडाचा आकार तसाच ठेवायचा, आणि एका वेळी पाव हिस्स्यापेक्षा जास्त हिरवा भाग काढायचा नाही. आपल्याकडे लोक शेंडा मारून झाड बोडकं करतात, मग त्याच ठिकाणाहून धुमारे फुटून एकदोन वर्षांत आधीपेक्षा दाट छत होतं, झाडही गेलं आणि उजेडही गेला. काम आंबे उतरल्यावर, पाऊस लागायच्या आत काढा असं सुचवा, पीक बुडत नाही म्हटल्यावर म्हातारी माणसं अर्धी तयार होतात असा माझा अनुभव आहे. फक्त त्या दिवसांत कावळ्यांची घरटी असतात, घरटं असलेली फांदी राहू द्या. आणि खर्च तुम्ही करा, खरंच सांगते, कोर्टाच्या पहिल्या दोन तारखांपेक्षा तो कमीच होईल.

ते हो म्हणाले की महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, झाडाचं वर्णन, जागेचा साधा नकाशा, कारण, फोटो. अर्जावर मालक म्हणून आजोबांची सही आणि सोबत तुमच्या सोसायटीचं लेटरहेडवरचं पत्र, कारण कंपाउंडची भिंत सोसायटीची आहे, तुमची एकटीची नाही. अर्जात "वृक्षतोड" लिहू नका, "हद्दीत आलेल्या व वाळलेल्या फांद्यांची विरळ छाटणी, झाड कायम ठेवून" असं स्पष्ट लिहा. परवानगी हातात आल्यावरच माणूस चढवा, त्यात जेवढ्या फांद्या लिहिल्यात तेवढ्याच.

आजोबा नाहीच म्हणाले तर सोसायटीतर्फे वकिलाची नोटीस, फोटो तारखेसकट, ग्रिलच्या दुरुस्तीचं बिल असेल तर तेही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर दाव्याचा विचार करू, आणि मागणी तेव्हाही हीच ठेवायची, परवानगी घेऊन विरळ छाटणी. भावाला दाव्याच्या दिवशी घरीच ठेवा.